धुळ्यात बसून संगीताच्या पीएचडीचा अर्ज

पीएचडी प्रवेशाची जाहिरात आली की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, ताई संगीतात पीएचडी करायचीय, फॉर्म कसा भरायचा. शिरपूरहून, अमळनेरहून, शहाद्याहून, कधी पार नवापूरहूनसुद्धा. विचारणारे बहुतेक शाळेत संगीत नाहीतर चित्रकला शिकवणारे, घरी क्लास घेणारे, एमए करून चार-पाच वर्षं झालेले. मी स्वतः शाळेत शिकवता शिकवता पार्ट टाईम पीएचडीला आहे, म्हणून मला विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून काढते.

फॉर्म अवघड नाहीये. फोटो, सही, मार्कशीट अपलोड करायची, फी भरायची, झालं. अवघड आहे ती सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, आणि सिनॉप्सिसमध्येही अवघड आहे तो विषय. बरं विषयाचं म्हणाल तर आपण खान्देशवाले फार श्रीमंत आहोत हे मला मनापासून वाटतं, फक्त आपली नजर तिकडे जात नाही. मला येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा विषय ठरलेला असतो, अमुक घराण्याच्या गायकीचा अभ्यास, तमुक रागाचा तुलनात्मक अभ्यास. वाईट काहीच नाही त्यात, पण त्या घराण्याच्या बैठका पुण्या-मुंबईत, जुनी रेकॉर्डिंगं तिथे, शिष्यपरंपरा तिथे, आणि तुम्ही साक्रीत. मग पाच वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उतरवण्यातच जातात. इकडे आपल्या घरात आई-आजी कानबाई देवीची गाणी म्हणतात, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावरची गाणी होतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, रावेर-यावलकडे वहीगायन ही लोकगायनाची परंपरा आहे, सातपुड्यात होळीला ढोल आणि फुंकून वाजवायची पावरी वाजते, आणि त्यातली चाल म्हणजे निव्वळ संगीत म्हणून कुणी बसून तपासलंय का, तर फार थोडं.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. शोधगंगा नावाची साईट आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, देशभरातले प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. अर्ज करायच्या आधी तिथे आपला विषय शोधणं हे पहिलं काम. मी शोधलं तेव्हा आपल्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांवर मला जे सापडलं ते बहुतेक मराठी विभागातलं, म्हणजे शब्दांवरचं. गाण्यातलं स्त्रीजीवन, गाण्यातली नाती, माहेर-सासर, देवदेवता. चांगली कामं आहेत, मी ती वाचूनच पुढे गेले. पण ते गाणं कुठल्या स्वरांत फिरतं, ठेका कुठून येतो, एकीने ओळ उचलली आणि बाकीच्यांनी झेलली तर मध्ये काय होतं, हे शब्द वाचून कळत नाही ना.

बहिणाबाईंचंच घ्या. आसोद्यात जन्म १८८०चा, गेल्या १९५१ला. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात म्हणत गेल्या. त्यांचा मुलगा सोपानदेवांनी ते जपलं आणि १९५२ला पुस्तक आलं म्हणून आज ते शब्द आपल्याकडे आहेत. पण त्यांच्या गळ्यातली चाल? ती पुस्तकात येऊच शकत नाही. आपण आज जे गुणगुणतो त्या चाली नंतरच्या संगीतकारांनी लावलेल्या, सुंदर आहेत, पण त्या जात्यावरच्या नाहीत. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ला त्यांचं नाव दिलं गेलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता आणि त्याच दिवशी हेही वाटलं होतं की त्यांच्या पिढीच्या चाली अजून ज्यांच्या गळ्यात आहेत त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत, हे काम आत्ता नाही केलं तर मग करायला काही उरणारच नाही. माझी पीएचडी खरं म्हणजे तिथून सुरू झाली.

आता काम कसं असतं ते एक दाखवते म्हणजे सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं ते कळेल. आमच्या नात्यातल्याच एक आजी, पांझरेकाठच्या गावातल्या. मी गेले, खुर्ची दिली त्यांना, समोर रेकॉर्डर ठेवला, म्हटलं आजी जात्यावरचं म्हणा. त्यांनी सुरू केलं आणि दोन ओळींतच थांबल्या. म्हणे, "माय, हाई गानं असं बशीसन नई म्हनतस. दयता दयता येस ते." म्हणजे असं बसून नाही म्हणत, दळता दळता येतं ते. मग माळ्यावरचं जातं खाली आणलं, पुसलं, मूठभर ज्वारी टाकली, आणि हात फिरायला लागल्यावर तेच गाणं वेगळं झालं. खुर्चीवर म्हणताना त्या प्रत्येक ओळीनंतर सारख्या थांबत होत्या, जात्यावर मात्र ओळीच्या शेवटचा स्वर खुंट्याच्या अर्ध्या फेऱ्यापुरता ओढला जायचा आणि श्वास बरोबर हात पोटाकडे येताना. म्हणजे लय मात्रांची नव्हती, हाताची होती. दाणे संपत आले तसं जातं हलकं झालं आणि लय आपोआप चढली. आता हे भातखंडे स्वरलिपीत विभाग पाडून लिहायला बसलं की लक्षात येतं, ही लिपी बंदिशीसाठी झालीय, इथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे धरायची? आणि गंधार, म्हणजे ग, तर ना पूर्ण कोमल ना पूर्ण शुद्ध, मधला कुठेतरी, आणि प्रत्येक कडव्यात तिथेच, म्हणजे चुकून लागलेला नाही. कानबाईच्या रात्री तर अजून गंमत, सुरुवात पेटीच्या काळी एकला होते आणि तासाभराने बघावं तर सगळ्या जणी पांढरी दोनच्याही वर गेलेल्या. क्लासमधल्या कानाला हे बेसूर वाटेल. पण नीट ऐकलं तर कळतं की गाणं उचलणारी बाई बदलली की ती आपल्या गळ्याच्या सोयीने थोडं वर धरते आणि बाकीच्या तिच्यामागे जातात. हा झाला संशोधनाचा प्रश्न! हा प्रश्न कुठल्या पुस्तकात मिळाला नसता, आणि पुण्यातल्या कुणाला सुचलाही नसता कारण ते त्या रात्री तिथे नव्हते.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी ऐका, रेकॉर्ड करा, दोन-चार गाणी स्वतः स्वरलिपीत उतरवून बघा आणि मग सिनॉप्सिस लिहा. "खान्देशातील लोकगीतांचा सांगीतिक अभ्यास" असं शीर्षक दिलं की समिती पहिल्याच मिनिटाला विचारते, कुठली गीतं, कुठला तालुका, कोण गाणारे, आणि बरोबरच विचारते. तीन जिल्हे आणि अख्खी लोकगीतं तीन वर्षांत होत नाहीत. त्यापेक्षा एक प्रकार घ्या, दोन तालुके घ्या, आणि एकच नेमका प्रश्न धरा.

रेकॉर्डिंगचं पण सांगते. मोबाईलवर चालतं पण फोन आवाज दाबून छोटी फाईल करतो, नंतर स्वर मोजायला बसलं की तेच नडतं. साधा हातातला रेकॉर्डर मिळाला तर वेव्ह फाईलमध्ये घ्या. सुरुवातीला पाच सेकंद ट्युनरचा सा वाजवून ठेवा म्हणजे संदर्भ राहतो. तारीख, गाव, गाणाऱ्या बाईंचं नाव, त्यांचं माहेर कुठलं हे बोलूनच रेकॉर्ड करा. माहेर फार महत्त्वाचं, कारण बाया चाल माहेराहून आणतात, एकाच गल्लीत एकच गाणं तीन चालींत ऐकलंय मी आणि तिघींची माहेरं तीन दिशांना. स्वरांचा ग्राफ काढायला प्राट आणि सॉनिक व्हिज्युअलायझर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, बसून शिकता येतात. आणि परवानगी! गाणाऱ्या बाईंना त्यांच्या भाषेत समजेल असं सांगायचं की हे कशासाठी, कुठे जाणार, आणि त्यांचं "हो" रेकॉर्डरवर घ्यायचं. नाव लिहायचं का तेही विचारायचं. "एक वृद्ध महिला, धुळे जिल्हा" असं लिहून मोकळं होणारे प्रबंध मी बघितलेत आणि मला त्याचा खरंच राग येतो, घराणेदार गायकाचं नाव तुम्ही पंडित लावून लिहिता आणि जिच्या गळ्यावर तुमची डिग्री उभी आहे तिला नावसुद्धा नाही?

आता नियम. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२चे नियम चालू आहेत. मास्टर्स केलेलं असेल तर त्यात ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट. एमफिल बंद झालंय, घरातले मोठे म्हणतील आधी एमफिल कर, त्यांना सांगा आता ते नाहीये. कमीत कमी ३ वर्षं कोर्सवर्क धरून, जास्तीत जास्त ६, आणि बायकांना त्यावर अजून २ वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा. हे मुद्दाम लिहितेय, कारण लग्न झालं, मूल लहान आहे म्हणून अर्जच न करणाऱ्या गुणी पोरी मी बघितल्या आहेत. पार्ट टाईम करता येतं, फक्त जिथे नोकरी आहे तिथली एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते, ती जाहिरातीची वाट न बघता आधीच मागून ठेवा कारण संस्थेच्या मीटिंगा कधी होतील याचा नेम नसतो.

एंट्रन्सचं म्हणाल तर काही विद्यापीठं आपली पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, घेतात, काही ठिकाणी नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, स्कोअर धरतात, ते त्या-त्या जाहिरातीत बघायचं. पेटमध्ये निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे आणि निम्मे विषयाचे. आपले लोक विषयात मार खात नाहीत, मेथडॉलॉजीत खातात, गाणाऱ्या माणसाला गृहीतक, नमुना निवड, प्राथमिक-दुय्यम साधनं हे कधी कुणी शिकवलेलंच नसतं. महिनाभर रोज तासभर दिला की येतं. लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. नेट द्यायची असेल तर संगीताचा कोड १६, व्हिज्युअल आर्टचा ७९. पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. जून २०२४पासून नेटमध्ये फक्त पीएचडी प्रवेशापुरतं पात्र होण्याचीही सोय झालीय. आणि जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, निघाली तर दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढे सीनियर फेलोशिपला, म्हणजे एसआरएफला, ४२ हजार, शिवाय घरभाडं वेगळं. आपल्याकडच्या घरांत हा आकडा सांगितला की "गाण्यात कसली डॉक्टरकी" हे बोलणं जरा कमी होतं. सारथी, बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या गटाप्रमाणे बघून ठेवा, त्यांच्या अटी आणि तारखा दर वेळी नीट वाचा.

डिग्रीबद्दल एक मोठा घोळ होतो. संगीत विशारद, अलंकार झालेले खूप जण आपल्याकडे आहेत, विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं त्या परंपरेतल्या या परीक्षा, गावोगाव गाणं पोचलं ते यांच्यामुळे, मी स्वतः विशारद आहे. पण पीएचडीच्या अर्जाला विद्यापीठाची डिग्री लागते. अलंकार चालेल का, हे चहाच्या टपरीवर कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका, त्या विद्यापीठाला मेल टाका आणि लेखी उत्तर घ्या. चित्रकलेवाल्यांचं तसंच, एटीडी आणि जीडी आर्ट हे डिप्लोमा आहेत, पुढे एमएफए किंवा समकक्ष काय धरतात ते आधी लेखी विचारा.

चित्रकलेवाल्यांसाठी विषय तर दारात पडलेत हो. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस राहिले, जन्म १९१२चा, गेले १९८९ला, आयुष्यातला मोठा काळ त्या एका घरात आणि टेबलटॉप फोटोग्राफीचं, म्हणजे टेबलावर छोटी दृश्यं मांडून काढलेल्या फोटोंचं, केवढं काम! आपल्यातल्या किती जणांनी ते घर आतून बघितलंय? अजिंठा जळगावहून दोन तासांच्या आत आहे. आणि ज्यांना लोककला घ्यायचीय त्यांच्यासाठी कानबाईचं नारळाचं रूप सजवण्याची पद्धत घरोघरी वेगळी, नथ, डोळे, वस्त्र, चौरंग, यावर दृश्यकला म्हणून बघणारा माणूस हवाय.

गाईडचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी गोड करून सांगणार नाही. आपल्या भागात संगीताला मान्यताप्राप्त गाईड मोजके. प्रोफेसरला ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ एवढेच विद्यार्थी घेता येतात, म्हणजे जागा भरल्या की संपलं. शिवाय ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, त्यामुळे भेटायला जाताना हे नम्रपणे विचारून घ्यायचं, त्यात संकोच नको. मी एका ठिकाणी गेले होते, नाव नाही घेत, तिथे सिनॉप्सिस न उघडताच सांगितलं गेलं की बायकांची गाणी म्हणजे लोकसाहित्य, ते संगीतात बसत नाही, मराठीला जा. मी घरी येऊन त्याच गाण्यांची स्वरलिपी आणि ग्राफ पहिल्या पानावर टाकले. पुढच्या सरांनी कागद हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते, हा गंधार रेकॉर्डिंगमध्ये ऐकवा. तेच माझे गाईड.

बाहेर बघायचं असेल तर घाबरू नका. नंदुरबारहून बडोदा जवळ पडतं, सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्स आणि फाईन आर्ट्स दोन्ही फॅकल्टी आहेत. पुण्यात ललित कला केंद्र, मुंबईत विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एसएनडीटी. भुसावळहून गाडीत बसलं की बनारस, तिथे बीएचयू. छत्तीसगडमध्ये खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६पासून फक्त कलांसाठीच आहे. महाराष्ट्राबाहेर गेलात तर हिंदीत किंवा इंग्रजीत सिनॉप्सिस लागेल, त्याला वेळ धरा. आणि को-गाईडची सोय नियमात आहे, संगीताचे गाईड आणि भाषाशास्त्राचे किंवा लोकसाहित्याचे को-गाईड अशी जोडी आपल्या विषयांना फार चांगली बसते. अहिराणीवर जुनं काही वाचायचं तर ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७चा, त्यात खानदेशी आहे, नेटवर मिळतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आहेत, हस्तलिखितांसाठी लोक लांबून येतात आणि आपण रोज त्यांच्यावरून जातो.

मुलाखतीत गाऊन दाखवायला लावतील ही भीती बऱ्याच जणांना असते. लावतात कधी कधी, तेव्हा आपला राग गा, पण त्यानंतर ज्या गाण्यावर अर्ज केलाय ते एक कडवं पण गा. आवाज चांगला लागो न लागो, त्या खोलीतल्या लोकांनी ते बहुतेक पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. मग प्रश्न आपोआप तुमच्या विषयाकडे वळतात आणि तिथे तुमच्याइतकं माहिती असलेलं समोर कुणी नसतं.

कागदपत्रांची यादी जाहिरातीत असतेच, मी फक्त दोन गोष्टी सांगते, नॉन क्रीमी लेयर दाखल्याची तारीख संपलेली तर नाही ना ते बघा आणि मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा.

आणि कॅलेंडर बघूनच प्लॅन करा. कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी जाते, तेवढीच रात्र मिळते, ती हुकली की पुढचं वर्ष. गुलाबाईला महिना मिळतो, आखाजीला चार दिवस. ज्यांना पुढच्या जाहिरातीला अर्ज करायचाय त्यांनी येत्या श्रावणात एका तरी घरी रात्रभर बसा, आधी घरातल्या मोठ्या बाईंना विचारून. कानबाईच्या नैवेद्याचे रोट दिसतीलच पण ते भाऊबंदांचे असतात, म्हणून वाढले तरच घ्या. रेकॉर्डरची जास्तीची बॅटरी न्या, ढोल-ताशापासून लांब आणि गाणाऱ्या बायांच्या मागे बसा, समोर नको, समोर बसलं की त्या लाजून आवाज कमी करतात. पहाटे त्या दमल्यावर चहा घेताना जी गाणी येतात ती सगळ्यात जुनी असतात, तोवर रेकॉर्डर बंद करू नका. आणि रेकॉर्डिंगची एक पेनड्राईव्ह त्या घरी परत देऊन या.